पयपुट्याचा फोटो

आमच्या घरात कोरा कागद विकत आणल्याचं मला आठवत नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेतमजुरांच्या संघटनेचं काम करायचे आणि तिची पत्रकं लिहायचे. वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे माळ्यावर पडलेले असत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली, पाढे लिहिले, आणि कंटाळा आला की पान उलटून पुढची बाजू वाचली. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मला 'बदक' वाचता येण्याआधी वाचता येत होता. पत्रक कसं लिहायचं हेही तिथेच कळलं. वर मोठ्या अक्षरांत एक हुकूम, खाली दोन-तीन कारणं, शेवटी जागा आणि वेळ.

त्या पत्रकांत काही शब्द सारखे यायचे. त्यातला एक 'पळपुटा'. मोर्चा अर्ध्यावर सोडून गेलेला पळपुटा, बोलणी टाळून मागच्या दाराने निघून गेलेला साहेब पळपुटा. आमच्या घरात याहून मोठी शिवी नव्हती. शाळेत लपाछपी खेळताना डाव न देता घरी गेलेल्या मैत्रिणीला मी ही शिवी दिली होती. तिला ती कळलीच नाही आणि मला मात्र तिला कायमचं संपवल्याचं समाधान मिळालं.

आणखी एक गोष्ट होती. घरात, गल्लीत, शेतात आम्ही अहिराणी बोलायचो. कागदावर मात्र फक्त शाळेची मराठी. आप्पांचं म्हणणं असं की अहिराणीत पत्रक काढलं तर कचेरीतले लोक हसतील. कचेरीने हसू नये म्हणून आम्ही ज्यांच्यासाठी लिहायचो त्यांच्या बोलीत कधी लिहिलं नाही. हे मला तेव्हा खटकलं नाही. तेव्हा मला बाकी पुष्कळ गोष्टी खटकत होत्या.

कॅमेरा मी कॉलेजात असताना नंदुरबारहून घेतला, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाने वापरून टाकून दिलेला. लेन्स उलटी बसवायची एक कडी मिळते. ती लावली की एरवी नवरा-नवरीला सामावून घेणारी लेन्स मुंगीच्या डोळ्यापर्यंत जाते. फ्लॅशचा प्रकाश मऊ व्हावा म्हणून मी वेफर्सच्या रिकाम्या डब्याला ट्रेसिंग पेपर लावून त्याचं टोपण केलं होतं. एवढ्या साहित्यावर मी कळसाडीच्या, म्हणजे आमच्या गावच्या, बांधांवर दोन वर्षं पोटावर पडून काढली. उडी मारणारा कोळी लेन्सकडे मान वळवून बघतो, हे मला तिथे कळलं. कपाशीच्या बोंडावर हिरवी कोळीण आपल्या अंड्यांच्या पिशवीला मिठी मारून बसते आणि वारा आला तर फक्त मिठी घट्ट करते, हेही. अशा फोटोत तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेतलासुद्धा एकच भाग स्पष्ट येतो. डोळा आला तर पाय धूसर, पाय आले तर डोळा धूसर. श्वास घेतला की दोन्ही गेले.

या कामात मी लगेच तत्त्वं आणली. कीटकाला सुई टोचायची नाही, डिंकाने चिकटवायचं नाही, फवाऱ्याने खोटं दव पाडायचं नाही. आणि फ्रिज नाही. पुष्कळ लोक किडा डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवतात. थंडीने तो बधिर झाला की फुलावर मांडतात आणि 'पहाटेचं निवांत क्षण' असं काहीतरी खाली लिहितात. फोटोवाल्यांच्या एका ग्रुपवर मी याविरुद्ध लिहिलं. सुरुवात 'गारठवलेल्या फुलपाखरांच्या सौदागरांनो' अशी होती. मला ग्रुपमधून काढून टाकलं. आप्पांना मी तो मजकूर वाचून दाखवला. ते म्हणाले, "'निवांत क्षण' पुल्लिंगी शे. 'पहाटेचा' पाहिजे. त्यास्नी चूक काढी नही तू." एवढंच.

जिजी आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. माझी नात्याने कोणी नाही, पण सगळं गाव तिला जिजीच म्हणतं. निंदणीला, वेचणीला जाणाऱ्या बायांची टोळी ती चालवते. तिचं स्वतःचं थोडं शेत ओढ्याच्या कडेला आहे. त्यात कपाशी. आदल्या वर्षी फवारणी करताना पाठीवर पंप असतानाच ती सरीत पडली. बायांनी तिला ट्रॅक्टरवर घालून म्हसावदच्या दवाखान्यात नेलं. परत आल्यावर तिने पंप धुऊन गोठ्यातल्या खुंटीला टांगला आणि सांगितलं, "आते हाऊ मन्हा पाठवर चढनार नही." सून अंगावर पाजणारी होती, तिला तो उचलायला तिने आधीच मना केलं. मुलगा सुरतेला कामाला. म्हणजे यंदा पिठ्या ढेकूण आला तर फवारायला त्या घरात कोणी नव्हतं, आणि फवारायचंच ठरलं तर पाठ पुन्हा जिजीचीच असणार होती.

आणि तो आला. पिठ्या ढेकूण म्हणजे पीठ लावल्यासारखा पांढरा, मऊ किडा. कपाशीच्या बेचक्यात गुच्छ करून बसतो आणि रस ओढतो. शेजारच्या शेतातला एक जण येता-जाता विचारायचा, "काय जिजी, यंदा ढेकूननी शेती का?"

"हाव भो," जिजी म्हणायची. "तुन्हा खाटमाधला बी धाडी दे. एकच जात शे."

मी तिच्या शेतात फोटो काढायला जायला लागले ते याच दिवसांत. मला सरीत आडवी पडलेली बघून ती पहिल्या दिवशी धावत आली.

"माय वं, पडी गयी का काय?"

"नही जिजी. फोटू काढी ऱ्हायनू."

"कोना?"

"किडाना."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मन्हा आधारकार्डवर मी भूत दिखस. अन् किडाले इतला मोठा कॅमेरा!"

मी तिला स्क्रीनवर पिठ्या ढेकूण दाखवला. नखाएवढा करून नाही, तळहाताएवढा करून. ती म्हणाली, "बंद कर. राती सपनामा यी." पण गेली नाही. तिथेच बसून तण उपटत राहिली.

त्या गुच्छांमध्ये एक वेगळा होता. इतरांपेक्षा मोठा, तसाच पांढरा, पण अंगभर मेणाचे लांब झुबके. बघायला फार देखणा. फक्त तो थांबत नव्हता. मी फोकस लावेपर्यंत पान रिकामं. दुसऱ्या पानावर गाठावं तर देठामागे. तासाभरात माझ्याकडे रिकाम्या पानांचे फोटो जमले, शिरांसकट उत्तम.

"जिजी, याले काय म्हंतस?" मी विचारलं.

"पयपुट्या," ती मान वर न करता म्हणाली. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. "भलता पयपुट्या शे तो. ऱ्हाऊ दे त्याले."

मी हसले. मला वाटलं, जिजीही आमच्यासारखीच बोलते. पिकाचा रस ओढायचा, माणूस आला की पळायचं. पळपुटा! 'ऱ्हाऊ दे त्याले' याचा अर्थ मी 'नाद सोड, उशीर झाला' असा घेतला. ती दोन शब्दांत दोन गोष्टी सांगत होती. मी त्यातल्या एका शब्दावर खूश झाले आणि दुसरी गोष्ट सोडून दिली.

त्याच सुमाराला माझ्या मनात पत्रकाचा विचार होता. कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर औषधांच्या जाहिराती असतात. त्यात कीड म्हणजे एक अक्राळविक्राळ चित्र असतं आणि तिच्या डोक्यावर बाटली असते. ती कीड कशी दिसते हे त्या चित्रावरून कोणालाही कळत नाही, आणि ते कळू नये हाच त्यातला हेतू असतो, असं माझं मत होतं आणि आहे. माझ्याकडे खरे फोटो होते. लोकांनी किडा ओळखावा, हाताने वेचावा, बाटली विकत घेऊ नये. पत्रकाचं नाव ठरलं: 'कपाशीचे शत्रू ओळखा!'

त्यासाठी पयपुट्याचा फोटो हवाच होता. तो माझ्या सगळ्या फोटोंत उठून दिसला असता. तीन दिवस प्रयत्न केले. चौथ्या दिवशी मी चटणीची रिकामी डबी शेतात नेली.

हे लिहिताना कारणं द्यायचा मोह होतो. तेव्हा मी स्वतःला दिलेलं कारण असं होतं की ती मंडळी शोभेसाठी करतात, मी लोकांसाठी करते आहे. फ्रिज तोच होता. संध्याकाळी आप्पांनी जेवायला बसताना फ्रिजमधली डबी बाहेर काढली आणि झाकण उघडलं.

"हाई चटनी पाय वर करीसन काबर पडेल शे?"

"तो कामाचा आहे आप्पा. ठेवा आत."

ते माझ्याकडे बघत राहिले. फ्रिजविरुद्धचा मजकूर त्यांनी ऐकलेला होता. तरी डबी आत ठेवली आणि लोणच्यावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पानावर दगडासारखा स्थिर होता. मी सावकाश वीसेक फोटो काढले. प्रत्येक झुबका, झुबक्याच्या टोकाची भुकटी, पायाची नखंसुद्धा. माझ्या हातून इतका स्वच्छ फोटो तोवर झाला नव्हता. पत्रकात मी तो सगळ्यात मोठा छापला. खाली लिहिलं, 'पळपुटा पिठ्या ढेकूण. अंगावर पांढरे झुबके. चाहूल लागताच पळतो. दिसताच चिरडा.' 'दिसताच चिरडा' ठळक अक्षरांत. लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचलं. छान वाजलं.

रंगीत प्रती म्हसावदला एका झेरॉक्सवाल्या चाचांकडे काढल्या. त्यांचं कुटुंब तिथलं कितीतरी पिढ्यांचं. आप्पांची पत्रकंही त्यांच्याच दुकानात निघायची. चाचांनी पहिली प्रत हातात धरून म्हटलं, "बेटा, तुम्हारे अब्बा के पर्चे में फोटो नहीं होता था. डर ज़्यादा लगता था." गिरणीवर, दूध डेअरीत, पारावर मी पत्रकं लावली. बायांच्या ट्रॅक्टरमध्ये वाटली. उरलेली घरोघर.

जिजी तेव्हा गावात नव्हती. भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून नंदुरबारला गेली होती. तिच्या सुनेने पत्रक नीट वाचलं. सासू येण्याआधी शेत साफ करून दाखवावं असं तिला वाटलं. तिने टोळीतल्या चार बायांना बोलावलं आणि दोन दिवस त्यांनी ओळीने पानं उलटली. बेचक्यात दडलेले खरे ढेकूण बारीक असतात, बोटाला लागत नाहीत. झुबकेवाला मोठा असतो, हलतो म्हणून लगेच दिसतो. त्यांनी तो चिरडला. पत्रकात सांगितलं होतं तसंच आणि तितक्याच निष्ठेने.

जिजी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर बसली होती. हातात घडी घातलेलं पत्रक. आप्पा आत दाढी करत होते.

"हाई कोन छापं?"

"मी."

"वाची दखाड."

मी वाचायला लागले. मोठ्या फोटोवर आले तेव्हा तिने कागदावर बोट ठेवलं. "हाऊ कोन?"

"पिठ्या ढेकूण."

"हाऊ मन्हा पयपुट्या शे."

"हाव ना. तूच सांगं व्हतं ते नाव."

"पयस म्हनीसन पयपुट्या," जिजी म्हणाली. "चोर शे म्हनीसन नही."

मग तिने सांगितलं ते मला एका दमात कळलं नाही, म्हणून तिने दोनदा सांगितलं. ढेकूण बसून राहतो. हा पळतो, कारण तो ढेकूण शोधत पळतो. त्याला खातो. गेल्या महिन्यापासून तिच्या कपाशीत त्याचीच राखण होती. ओढ्याकडच्या ओळी त्यानेच साफ केल्या होत्या. त्याच्याच भरवशावर तिने पंप खाली काढला नव्हता.

"तुन्हा फोटूमा हाऊ काबर पयत नही?" तिने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "फ्रिजमा ठेवेल व्हता."

"थंडीमा मी बी नही पयनार," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आत आप्पांच्या वस्तऱ्याचा आवाज थांबला होता.

जाताना ती म्हणाली, "आठ दिन दखसू. उरेल पयपुट्या वाढनात ते वाढनात, नही ते पंप शेच खुंटीले." मी म्हटलं, पंप मी घेईन पाठीवर. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कॅमेरा लिसन चालस ते वाकी जास. ऱ्हाऊ दे."

त्या दुपारी मी किडींवरच्या जुन्या पुस्तिका काढून बसले. एका पानावर दोन ओळींत सापडलं. ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या, काही जातींच्या अळ्या पांढऱ्या मेणाने झाकलेल्या असतात, पिठ्या ढेकणासारख्याच दिसतात आणि त्यालाच खातात. दिसण्यातलं साम्य हे त्यांचं पांघरूण. ते पांघरूण मी वीस फोटोंत, प्रत्येक धाग्यासकट टिपलं होतं. मोठं करून पाहिलं की खरं कळतं असा माझा समज होता. जिजी नुसत्या डोळ्यांनी त्यांना वेगळं काढायची, आणि ज्या एका गोष्टीवरून काढायची तीच मी आधी डबीत गोठवली होती. जो थांबत नाही म्हणून मी तीन दिवस वैतागले होते, त्याचं न थांबणं ही त्याची ओळख होती.

मी चूकदुरुस्ती लिहायला घेतली. ती दोन पानी झाली. तिच्यात माझा अहंकार, फ्रिज, मध्यमवर्गीय सौंदर्यदृष्टी, सगळं होतं. आप्पांना दाखवली.

"आपन कधी चूकदुरुस्ती काढी नही," ते म्हणाले.

"चुकलोच नाही कधी?"

"चुकनूत ना. बठ्या, एकूनएक पत्रकास्मा काहीतरी चुकेल व्हतं." ते चष्मा पुसत होते. "पन दुरुस्ती काढी का समोरला लोक तीच फडकावतस. म्हनतस, दखा, याच सांगतस आम्ही खोटं लिखतस. मंग पुढलं पत्रक कोनी वाचत नही."

"म्हणजे जिजीने पंप उचलायचा आणि आपण पुढचं पत्रक वाचवायचं?"

मी आणखी बरंच बोलले. त्यांचीच जुनी वाक्यं त्यांना ऐकवली, काही तर तारखेसकट. मी खोलीत जाऊन दार लावलं. माझं तेव्हाचं बोलणं आज आठवलं की त्यातलं बरंच खरं वाटतं आणि त्यातला आवाज मात्र नको वाटतो.

तासाभराने त्यांनी दाराखालून ती दोन पानं आत सरकवली. त्यांनी लाल पेनने सगळं खोडलं होतं. एक ओळ सोडली होती. समासात लिहिलं होतं: 'बाकी तुझ्याबद्दल आहे. किड्याबद्दल एवढंच आहे.'

उरलेली ओळ अशी होती: 'जो पळतो तो आपला आहे.'

मी ती बराच वेळ बघत बसले. मग ती खोडून जिजी म्हणाली असती तशी लिहिली. 'जो पयस तो आपला शे. त्याले मारू नका. काडी लाईसन दखा. बशी ऱ्हायना ते ढेकून, पयना ते पयपुट्या.' खाली, 'पहिलं पत्रक चुकेल शे. चूक मन्ही शे.' फोटो नाही. फोटोत ते दिसणार नव्हतंच.

आप्पांनी वाचताना पेन उघडलं. 'पयस'वर त्याचं टोक नेलं. कचेरीचं काहीतरी म्हणतील असं मला वाटलं. "आपल्या घरना कागदवर," ते म्हणाले, "पयनारा आपला शे असं पहिल्यांदा छपी ऱ्हायनं." पेन बंद केलं आणि घड्या घालायला बसले. घड्या त्यांच्याइतक्या सरळ मला अजून जमत नाहीत.

जुनी पत्रकं मी ओल्या फडक्याने काढली, नवी लावली. गिरणीवर दोन म्हातारे ती मोठ्याने वाचून एकमेकांकडे बघून हसले. अहिराणी छापलेली बघून हसले. पण शेवटपर्यंत वाचली, आणि एकाने जाताना विचारलं, "काडी कोनती, पऱ्हाटीनी का तूरनी?"

पण कागदाने जिजीच्या शेतात पयपुट्या परत येणार नव्हते. ते आणायला हवे होते. मला झेरॉक्सच्या दुकानामागची जास्वंद आठवली. प्रती निघेपर्यंत मी तिथे पांढरी पानं बघत बसले होते. मी रंगाचा बारीक ब्रश आणि तीच चटणीची डबी घेऊन म्हसावदला गेले. झाकणाला भोकं पाडली होती.

"ले जाओ, सब ले जाओ," चाचा खूश झाले. "तुम्हारी चाची रोज़ कोसती है इन कीड़ों को."

मी काडी लावून बघत होते. पळेल त्याला ब्रशवर घ्यायचं, बसून राहील त्याला तिथेच ठेवायचं. चाचा थोडा वेळ मागे उभे राहिले. त्यांनी चष्मा खाली घेतला.

"एक मिनट. ये कौनसे ले रही हो?"

मी खरं सांगितलं.

"मतलब अच्छेवाले ले जा रही हो, और चोर मेरे घर छोड़ रही हो?" त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, "सुनती हो? डाका पड़ रहा है, ब्रश से!"

शेवटी अर्ध्यावर तडजोड झाली. अर्धे त्यांच्या जास्वंदीला, अर्धे मला. चाची स्वतः येऊन वाटणी बघत होती, आणि एक माझ्या बाजूने तिच्या फांदीवर पळाला तो तिने परत दिला नाही. त्या दिवशी मी कॅमेरा नेला नव्हता. आमच्याच परसातल्या भेंडीवरही थोडे सापडले. पुढचे तीन दिवस मी तेच केलं. मान आखडली. पान कॅमेऱ्यात न पकडता नुसतं बघायची सवय मला तेव्हा लागली. आधी मी बघायचे ते चौकटीत काय येईल एवढंच.

जिजीच्या शेतात आम्ही ते ओळीओळीने सोडले. सून पुढे चालायची आणि बेचक्या दाखवायची. ती माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या बोटांनी ते मारले होते, माझ्या शब्दावरून. दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुनं अक्षर भलतं चांगलं शे ताई. म्हनीसन खरं वाटनं." कौतुक होतं की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मधल्या दिवसांत रोज सकाळी मला गोठा दिसायचा. खुंटी, तिच्यावर निळा पंप, त्याचे दोन पट्टे लोंबलेले. शेजारचा शेतकरी आता ढेकणांबद्दल विचारत नव्हता. "जिजी, पंप धोई ठेव," एवढंच म्हणायचा. काळजीनेच म्हणत असावा.

आठव्या दिवशी आम्ही तिघी सकाळी लवकर शेतात गेलो. जिजीने काडी घेतली होती, मी कॅमेऱ्याची लेन्स काढून भिंगासारखी हातात धरली होती. रस्त्याकडच्या ओळी वाईट होत्या. शेंडे आखडलेले, पानं चिकट, काळी. जिजीने तिथे काडी लावलीच नाही. पुढच्या ओळींत बेचक्यांमध्ये पांढरे ठिपके होते, पण गुच्छ विस्कटलेले. एका पानामागे मला ढेकणाची नुसती रिकामी कातडी दिसली, आतून चोखलेली. मी लेन्स जिजीच्या डोळ्याला लावली. तिने बघितलं. पुढच्या झाडावर काडी लावली. एक झुबका हलला आणि देठामागे गेला. त्याच्या पुढच्या झाडावर एक. मग तीन झाडं काहीच नाही. मग एक.

ओढ्यापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. जिजी बांधावर बसली आणि दम घेतला. मग उठून सरळ घराकडे, गोठ्यात गेली. सून आणि मी मागून. तिने खुंटीवरचा पंप दोन्ही हातांनी खाली काढला. सून पुढे झाली, "आत्या, माले द्या." जिजीने तिला बाजूला केलं.

जिजीने पंप जमिनीवर आडवा ठेवला, त्याचे दोन्ही पट्टे कड्यांतून ओढून काढले आणि खांद्यावर टाकले. रिकामा पंप परत खुंटीला. "चाला," ती म्हणाली, "रस्तावरल्या ओयी उपटना शेत. मोया बांधाले दोर नही."

त्या खराब ओळी आम्ही दुपारपर्यंत उपटल्या. त्या गेल्याच. त्या वर्षी त्या ओळींचा कापूस तिच्या घरात आला नाही, आणि ते माझ्यामुळे. मोळ्या पंपाच्या पट्ट्यांनी बांधून ओढत नेल्या आणि पडीत जाळल्या. जाळण्याआधी जिजीने प्रत्येक मोळी झटकली. दोन पयपुट्या निघाले. एक तिच्या अंगठ्यावर चढला.

"आते काढ फोटू," ती म्हणाली. "मन्हा बी यी त्यामा."

कॅमेरा पिशवीत होता. फ्लॅशचे सेल संपले होते, धुराने उजेड उतरला होता. मी लेन्स बसवली. तिने अंगठा स्थिर धरला. तो अंगठ्याच्या टोकाकडून नखाकडे निघाला. मी त्याला थांबवलं नाही.

फोटो आला तो असा. जिजीच्या अंगठ्याच्या रेषा एकेक मोजता येतात, नखात अडकलेली माती दिसते, निंदणीच्या विळ्याचा जुना वण दिसतो. आणि या सगळ्यावरून एक पांढरा फराटा गेलेला आहे. ना पाय, ना झुबके.

मी तो आप्पांना दाखवला. ते म्हणाले, "हाऊ ते हालेल शे."

मी तो म्हसावदहून मोठा छापून आणला आणि गिरणीवर, अहिराणी पत्रकाच्या शेजारी लावला. आधीचे वीस स्वच्छ फोटो अजून माझ्याकडे आहेत. ते कुठे द्यावेसे वाटत नाहीत.